हवा ओढत नाही, ढकलते

शाळेच्या स्मरणिकेत प्रामुख्याने आठवणी असतात आणि त्या असाव्यातच. तथापि ज्या शाळेने मुलांना ‘याचे कारण काय?’ असे विचारण्याची सवय लावली, तिच्या स्मरणिकेतील काही पाने त्या प्रश्नाच्या वाट्यालाही यावीत, असे आम्हां विज्ञान शिकविणाऱ्यांना वाटते. म्हणून प्रस्तुत लेखासाठी आम्ही शालेय पुस्तकातीलच एक विषय निवडला आहे. परीक्षेत तो दोन-चार गुण मिळवून देतो आणि पुढे बहुतेकांच्या विस्मरणात जातो. तो विषय म्हणजे हवेचा दाब.

आपल्या बोलण्यात ‘ओढणे’ हा शब्द फार सहज येतो. मोटार पाणी ओढते, छाती श्वास ओढते, मूल नळीने सरबत ओढते, तुंबडी रक्त ओढते. बोली म्हणून यात काही वावगे नाही. परंतु प्रत्यक्षात यांपैकी कोणतीही वस्तू काहीही ओढत नसते. हवा किंवा पाणी यांना दोर बांधून खेचता येत नाही. त्यांना केवळ ढकलता येते. एका बाजूचा दाब कमी झाला, की दुसऱ्या बाजूचा अधिक दाब त्यांना कमी दाबाकडे ढकलतो. एवढेच घडते आणि सर्वत्र हेच घडते. हे साधे तत्त्व ध्यानात न राहिल्यामुळे आपल्या भागात शेतकऱ्याचे पैसे वाया जातात आणि क्वचित प्रसंगी प्राणही जातात. म्हणूनच हा विषय केवळ विद्यार्थ्यांसाठी न राहता पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासमोरही मांडावा, असे आम्ही ठरविले.

हवेला वजन असते

रिकामा डबा रिकामा नसतो, त्यात हवा असते आणि त्या हवेला वजन असते. वाशिमच्या हवामानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलो भरते. वीस फूट रुंद, पंचवीस फूट लांब व दहा फूट उंच अशी वर्गखोली घेतली, तर तिच्यात दीडशे किलोहून अधिक हवा मावते. म्हणजे दीड क्विंटल तुरीइतके वजन त्या खोलीत न दिसता तरंगत असते.

आपल्या डोक्यावर हवेचा हा थर अनेक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला आहे. त्याच्या भारामुळे समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटर जागेवर सुमारे एक किलो वजनाइतका दाब पडतो. हवामानखात्याच्या भाषेत हा दाब १,०१३ हेक्टोपास्कल होय. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तेवढा हवेचा थर आपल्या पायांखाली राहून गेल्यामुळे येथे हा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. हे अंतर लहान वाटते, परंतु पुढे विहिरीचा हिशेब मांडताना ते उपयोगी पडणार आहे.

पावसाळ्यात आकाशवाणीवर ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे’ असे ऐकताच शेतकरी कान टवकारतो. तेथे दाब फार कमी झालेला असतो असे नाही. सुमारे एक हजारापैकी पाच-दहा हेक्टोपास्कलचाच फरक असतो. परंतु तेवढ्या फरकानेही भोवतालची बाष्पयुक्त हवा त्या क्षेत्राकडे ढकलली जाते, वर चढते, थंड होते आणि विदर्भात पाऊस देते. ढगांनाही कोणी ओढून आणीत नाही.

आपले शरीर आणि हवेचा भार

प्रौढ माणसाच्या तळहाताचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटीमीटरहून थोडे अधिक असते. म्हणजे उघड्या तळहातावर हवा जवळजवळ एक क्विंटल भार देत असते. संपूर्ण शरीराचा विचार केला, तर हा आकडा सोळा टनांच्या घरात जातो. मग आपण चिरडून का जात नाही, असा प्रश्न प्रत्येक वर्गात एखादे मूल विचारतेच आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिले असे, की हवा केवळ वरून दाबत नाही. ती सर्व बाजूंनी सारखीच दाबते. तळहाताच्या वर जेवढा दाब आहे, तेवढाच त्याच्या खालूनही आहे, म्हणून हात खाली जात नाही. दुसरे असे, की आपल्या फुप्फुसांतील, कानांतील व पोकळ्यांतील हवा बाहेरच्या हवेइतक्याच दाबाची असते. रक्त आणि पेशींतील पाणी सहजासहजी दाबले जात नाही, तेही आतून तेवढाच प्रतिकार करते. ज्या भाराखाली आपण जन्मलो, त्याच भाराला तोलणारे शरीर घेऊन आपण वावरतो.

श्वासोच्छ्वास हे या तत्त्वाचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. छातीच्या पिंजऱ्याखाली श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकतो व फासळ्या बाहेर उचलल्या जातात, तेव्हा छातीतील जागा वाढते आणि आतील दाब किंचित घटतो. शांत श्वासात ही घट पाण्याच्या एक-दोन सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतकीच असते. तेवढ्याने बाहेरची हवा नाकावाटे आत ढकलली जाते. श्वासपटल सैल पडताच आतील दाब वाढून हवा बाहेर जाते. जन्मापासून मृत्यूपर्यंत हे अव्याहत चालते.

आत आणि बाहेर यांचा तोल बिघडला, की शरीर तसे कळविते. अकोल्याहून पातूरमार्गे घाट चढून मालेगाव-वाशिमकडे येताना काहींचे कान किंचित बंद झाल्यासारखे होतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सहल जाते, तेव्हा तर बसमधील बहुतेक मुले कान चोळू लागतात. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्यापासून तेथवर पोहोचेपर्यंत हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी घटलेला असतो. कानाच्या पडद्यामागे कोंडलेली हवा मात्र पायथ्याच्याच दाबाची असते, म्हणून ती पडद्याला बाहेर ढकलते. मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. गिळताना किंवा जांभई देताना ती उघडते, हवा समान होते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन कान मोकळे होतात. म्हणूनच अशा वेळी लिमलेटची गोळी चघळायला देणे हा उपाय शास्त्राला धरून आहे. सर्दीने ही नळी सुजलेली असेल, तर कान दुखतो. कडेवरच्या बाळाला गिळा असे सांगता येत नाही, त्याला घाट चढता-उतरताना दूध पाजावे. चिखलदऱ्याला जाताना खाऊची बंद पाकिटे फुग्यासारखी फुगलेली दिसतात, त्याचेही कारण हेच.

येथे रक्तदाबाविषयी एक खुलासा करणे इष्ट ठरेल. डॉक्टर ‘१२०’ असा जो आकडा सांगतात, तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून रक्ताचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरइतका अधिक आहे, असे सांगणारा असतो. वाशिमच्या हवेचा स्वतःचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर उंचीइतका आहे. ‘हवा बदलली म्हणून दाब वाढला’ असे समजून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने कमी-अधिक करणे सर्वथा चुकीचे आहे.

स्वयंपाकघरातील हवा

गरम भाजी किंवा वरण स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले आणि डबा थंड झाला, की ते झाकण काही केल्या निघत नाही. आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी झालेले असते, त्यामुळे आतील दाब उतरतो. दाब केवळ एक दशांशाने उतरला, तरी पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा सुमारे सतरा किलोंचा जास्तीचा भार देते. आपण झाकणाशी झुंजत आहोत असे वाटते, प्रत्यक्षात आपण हवेशी झुंजत असतो. असा डबा थोडा वेळ गरम पाण्यात ठेवावा. आतील दाब पुन्हा वाढतो आणि झाकण सहज सुटते.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दाखविण्यासाठी आम्ही तेलाचा पंधरा किलोंचा पत्र्याचा रिकामा डबा घेतो. त्यात थोडे पाणी उकळून वाफ भरू देतो, डबा शेगडीवरून उतरवितो, मगच तोंड बंद करतो आणि वर गार पाणी ओततो. काही क्षणांत तो डबा कोणीही हात न लावता कडकड आवाज करीत चेपला जातो. त्याच्या एका बाजूवर बाहेरच्या हवेचा भार सात-आठ क्विंटलांइतका असतो. आत वाफ होती तोवर तो भार तोलला जात होता, वाफेचे पाणी झाल्यावर तोलणारे कोणी उरले नाही. हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावा. तोंड बंद असलेला डबा कधीही आगीवर ठेवू नये, कारण तो फुटतो.

तुरीचे वरण हा आपल्या जेवणाचा आधार. वाशिममध्ये हवेचा दाब कमी असल्याने उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. कितीही जाळ लावला तरी पाणी त्याहून गरम होत नाही, ते फक्त लवकर आटते. कुकरमध्ये शिटीचे वजन वाफ अडवून ठेवते, आतील दाब बाहेरच्या सुमारे दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्यावर उकळते. म्हणून डाळ लवकर शिजते. परंतु अशा वेळी वीस सेंटीमीटर व्यासाच्या झाकणाखाली तीनशे किलोंच्या आसपास जोर साठलेला असतो. वाफ पूर्ण उतरण्याआधी झाकण बळाने उघडले, तर दाब एकाएकी घटतो, आतील अतितप्त पाण्यापैकी बरेचसे क्षणात वाफ बनून उसळते आणि चेहरा व छाती भाजते. शिटीचे भोक डाळीच्या फेसाने किंवा सालपटाने बुजलेले नाही ना, हे रोज पाहणे आणि जुना झालेला सुरक्षा-झडपेचा भाग वेळेवर बदलणे, यांत हयगय होता कामा नये.

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जाड कागद ठेवून पेला उलटा केला, तरी पाणी सांडत नाही. पेल्यातील पाण्याचे वजन पावशेराच्या आसपास, तर कागदाला खालून ढकलणाऱ्या हवेचा जोर तीस किलोंहून अधिक असतो. आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग पाठ आहे. तथापि हाच खेळ भगव्या किंवा हिरव्या कापडाखाली, धूप जाळून, मंत्र पुटपुटत दाखविला, की तो ‘चमत्कार’ होतो आणि समोर दक्षिणेची थाळी फिरते. महाराष्ट्र शासनाने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसविणे व पैसे मिळविणे हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर तो अस्तित्वात आला, हे येथे कृतज्ञतेने नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

विहीर, मोटार आणि बत्तीस फुटांची मर्यादा

आता आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे विहिरीकडे वळू.

इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात सतराव्या शतकात पंप बसविणाऱ्यांना एक अडचण आली. पंप कितीही चांगला असला, तरी पाणी सुमारे दहा मीटरांच्या वर चढेना. ‘निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पाणी पंपामागे वर येते’ अशी तत्कालीन विद्वानांची धारणा होती. मग दहा मीटरांच्या पुढे निसर्गाला पोकळी का चालते, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अडचणीचा उल्लेख केला, परंतु खरे कारण त्याच्याही हाती लागले नाही. त्याच्यानंतर टोरिचेली या अभ्यासकाने १६४३-४४ च्या सुमारास ते शोधून काढले. पंप पाणी ओढतच नाही. तो केवळ नळीतील हवा काढून टाकतो आणि विहिरीच्या पाण्यावर पडलेला बाहेरच्या हवेचा भार ते पाणी नळीत वर ढकलतो. त्या भाराला जेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलता येतो, तेवढेच पाणी वर येते, त्याहून बोटभरही नाही. पाण्याऐवजी १३.६ पट जड असा पारा घेऊन त्याने हे सिद्ध केले, कारण पारा केवळ ७६ सेंटीमीटरपर्यंतच उभा राहिला. पुढे १६४८ मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली, तेव्हा उंचीबरोबर पारा खाली उतरत गेला. ज्ञानी माणसे सांगतात किंवा पूर्वापार चालत आले आहे एवढ्यावरून न मानता प्रत्यक्ष तपासून पाहावे, हा जो विचार आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून सांगितला गेला, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

समुद्रसपाटीवर ही मर्यादा १०.३ मीटर, म्हणजे चौतीस फुटांची आहे. वाशिमच्या उंचीवर ती सुमारे ९.७ मीटर, म्हणजे बत्तीस फुटांची होते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाइपातील घर्षण, वाकणे, फूटव्हॉल्व्हची जाळी आणि उन्हाळ्यात कोमट झालेल्या पाण्याची वाफ या सर्वांचा वाटा वजा जातो. त्यामुळे काठावर बसविलेल्या मोटारीला वीस-बावीस फुटांपर्यंतच पाणी भरवशाने घेता येते.

आपल्याकडील काळ्या पाषाणातील विहिरी याहून खोल असतात. पावसाळ्यानंतर पाणी वर असते, मोटार उत्तम चालते. फेब्रुवारी-मार्चनंतर पातळी खाली जाते आणि एके दिवशी मोटार पाणी सोडते. पंपातून खडे फिरत असल्यासारखी खडखड ऐकू येते. तो पाण्यात तयार झालेल्या वाफेच्या बुडबुड्यांचा आवाज असतो आणि त्यानेच आतील पंखा झिजतो. अशा वेळी मोटार कमजोर झाली असे समजून पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसात अश्वशक्तीची मोटार आणली जाते. क्वचित विहिरीला दृष्ट लागली म्हणून नारळही फोडला जातो. दोन्हींचा उपयोग शून्य. पाणी वर ढकलणारी शक्ती मोटारीची नसून हवेची आहे आणि मोटार बदलल्याने हवा बदलत नाही. एक हजार अश्वशक्तीचे यंत्र काठावर बसविले, तरी बत्तीस फुटांखालचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

उपाय दोनच आहेत. एक म्हणजे मोटार खाली, पाण्याच्या जवळ नेणे. पंपापासून पुढे वर जाणाऱ्या नळीला ही मर्यादा लागू नाही, कारण तेथे पंप स्वतः पाणी ढकलतो. त्या बाजूला अश्वशक्तीचा खरा उपयोग होतो. दुसरा उपाय म्हणजे पाणबुडी मोटार. ती पाण्यातच बुडालेली असल्याने हवेच्या मदतीची तिला गरज पडत नाही. मोटार पाणी सोडत असेल, तर नवी घेण्यापूर्वी पाण्याची पातळी मोटारीपासून किती फूट खाली आहे, हे दोर सोडून मोजावे. त्या एका मोजणीने कर्जाचे काही हजार रुपये वाचू शकतात. पातळी बावीस फुटांच्या आत असूनही पाणी येत नसेल, तर सक्शन पाइपाच्या सांध्यातून हवा शिरते काय, ते पाहावे. तेथून पाणी गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ढकलली जाते, म्हणून हा दोष डोळ्यांना दिसत नाही.

विहिरीत उतरविलेले इंजिन

मोटार खाली नेण्याच्या या उपायातच एक मोठा धोका दडलेला आहे आणि तो सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. विजेची मोटार खाली उतरविणे वेगळे आणि डिझेल अथवा पेट्रोलचे इंजिन उतरविणे वेगळे. वीज नसते, गाळ काढायचा असतो, पाणी खोल गेलेले असते, म्हणून इंजिन विहिरीतील टप्प्यावर ठेवून सुरू केले जाते. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. अरुंद विहिरीत वारा फिरत नसल्याने तो वायू तेथेच कोंडून राहतो. खाली उतरलेल्या माणसाला आधी डोके जड वाटते, पाय गळतात आणि ओरडण्याआधीच शुद्ध हरपते. त्याला वाचवायला भाऊ उतरतो, मग शेजारी उतरतो. एका घराऐवजी तीन घरांत दिवा विझतो.

कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्याचे सांगू शकते, परंतु विषारी धुराचा पत्ता ती देत नाही. कंदील तेवत राहिला तरी माणूस दगावू शकतो. म्हणून जळणाचे इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा बराच वेळ सोडल्याशिवाय उतरू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर किमान दोन माणसे असावीत. आत कोणी कोसळले, तर त्याच्यामागे उडी न घेता दोराने वर काढावे आणि अग्निशमन दल व १०८ या रुग्णवाहिकेस बोलवावे. जिवाभावाचे माणूस खाली पडलेले असताना काठावर थांबणे किती कठीण असते, हे आम्ही जाणतो. तरीही थांबावे, कारण दुसरा माणूस खाली गेल्याने पहिला वाचत नाही.

हापशीची युक्ती

बत्तीस फुटांची अडचण गावोगावच्या हापशीला कशी आली नाही, असा प्रश्न चौकस वाचकांच्या मनात येईल. आपल्या हापशीखालची कूपनलिका शंभर-दीडशे फूट खोल असते आणि तरीही एक शाळकरी मुलगी दांडा मारून घागर भरते. याचे कारण असे, की हापशीचा खरा पंप वर नसून खाली आहे. पाण्यात बुडालेल्या नळकांड्यात दट्ट्या असतो आणि लांब सळयांनी तो दांड्याला जोडलेला असतो. दांडा खाली दाबला, की दट्ट्या आपल्यावरचे पाणी उचलून धरतो. ते पाणी हवेने वर चढविलेले नसते, आपल्या हाताच्या जोराने उचललेले असते.

या यंत्राच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले बिडाचे जुने पंप सबंध गावाचा भार सोसू शकत नसत आणि वारंवार मोडत. त्यावर उपाय म्हणून जालना आणि सोलापूर येथे मजबूत पोलादी पंप तयार झाले. त्यांतील ‘सोलापूर पंपा’चा आधार घेऊन १९७० च्या दशकात भारत सरकार व युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप विकसित झाला आणि तो पुढे देशाबाहेरही पोहोचला. दुष्काळात ज्या हापशीने आपल्या वस्त्यांची तहान भागविली, तिचे मूळ मराठी मुलखातील कार्यशाळांत आहे.

तुंबडी आणि सर्पदंश

शेवटचा मुद्दा तुंबडीचा. पूर्वी वैदू शिंगाची किंवा धातूची तुंबडी अंगावर लावून तिच्यातील हवा तोंडाने किंवा ज्योतीच्या उष्णतेने कमी करीत. तुंबडीखालचा दाब घटताच शरीराच्या आतील दाब तेथील कातडीला वर ढकलतो, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, फुटतात आणि रक्त जमा होते. पाहणाऱ्याला वाटते, की तुंबडीने ‘वाईट रक्त’ ओढून काढले. प्रत्यक्षात ते त्याच माणसाचे चांगले रक्त असते.

सर्पदंशावर हीच कल्पना लावली जाते, तेव्हा ती जीवघेणी ठरते. सोयाबीन सोंगताना किंवा रात्री पाणी द्यायला गेल्यावर नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे डसते. मग जखमेवर चिरा देऊन तोंडाने, तुंबडीने किंवा सिरिंजने विष ‘ओढण्याचा’ प्रयत्न होतो. दाबाचा जो फरक अशा उपायांनी निर्माण होतो, त्याचा परिणाम कातडीच्या वरच्या भागातील रक्त व लस यांपुरताच राहतो. मांसात खोल शिरलेले आणि तेथून पसरू लागलेले विष त्याने परत येत नाही. जखम मात्र चिघळते, रक्तस्राव वाढतो आणि सर्वांत मौल्यवान असा वेळ निघून जातो. दंश झालेला अवयव हलू न देता, लाकडी पट्टीचा आधार देऊन, माणसाला धीर देत तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. करकचून दोरी बांधू नये. तेथे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस हाच विषावरील खरा उपाय आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही वर उल्लेखिलेल्या २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

समारोप

वाचकहो, आईच्या डब्याचे झाकण, घाटात बंद झालेला कान, उन्हाळ्यात पाणी सोडणारी मोटार आणि वैदूची तुंबडी या गोष्टी वरकरणी निरनिराळ्या दिसतात. परंतु त्या सर्वांमागे एकच कारण काम करीत असते. ते कारण ज्याला उमगले, तो मोटारीसाठी नवस बोलत नाही, चमत्काराला दक्षिणा देत नाही आणि सर्पदंश झालेल्या लेकराला मांत्रिकाच्या ओट्यावर बसवून ठेवीत नाही.

आमची माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे, की आपल्या गावी गेल्यावर आपण हे घरच्यांना व शेजाऱ्यांना त्यांच्या शब्दांत समजावून सांगावे. विहिरीच्या काठावर उभे राहून पाच मिनिटे बोलल्यास पुरेसे होईल. आणि पालकांना विनंती अशी, की मूल घरी येऊन ‘हे असे का होते?’ असे विचारील, तेव्हा त्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याला प्रश्नासह आमच्याकडे पाठवावे. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच्यासोबत शोधू.